ओळखीचा नमुना

आठवा थेंब पडला तसं बाबांनी काचेच्या नळीला बूच लावलं, ती चिमटीत धरून पाच वेळा उलटीसुलटी केली आणि उत्तरेच्या खिडकीच्या कट्ट्यावर उभी ठेवली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले,

"पाच मिनिटं. तोवर कुणी बोलायचं नाही."

"बोलल्यानं रंग बदलतो का?" लेकीनं विचारलं.

"रंग कशाला बदलतोय? बघणारा बदलतो."

टाकीच्या झाकणावर बशीत मेलेला मासा होता. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, डोळा उघडाच. पहिला बुधवारी गेला होता, हा आज सकाळी. तिसरा पाण्याच्या अगदी वरच्या थरात, पंपाच्या तोंडाशी, कल्ले भराभर हलवत टिकून होता. धाप लागलेलं माणूस उठून खिडकीशी जातं, तसा. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

टाकी तिनंच आणून दिली होती. आई गेल्यावर चार महिने बाबा या खोलीत यायला तयार नव्हते. खाट काढून टाकली तरी तिच्या चार पायांचे चार डाग फरशीवर राहिले होते आणि कितीही घासले तरी निघत नव्हते. त्या डागांवर काहीतरी उभं करायचं, आणि शक्यतो जिवंत, एवढाच तिचा विचार होता. गोड्या पाण्याची टाकी सोपी असते. पण सोपं काही दिलं की बाबा आठवड्यात कंटाळतात. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. मीठ तोलून विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, आणि मग नुसती वाट बघायची. माशांच्या घाणीचा पाण्यात अमोनिया होतो आणि त्यातच मासे पोळून मरतात. तो अमोनिया खाणारे जिवाणू नव्या टाकीच्या वाळूत वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून आधी बाटलीतला अमोनिया थोडा थोडा घालून त्या जिवाणूंना जेवू घालायचं, आणि रोज नळीत पाणी घेऊन, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब टाकून, आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ठीक. हिरवा म्हणजे विष. जितका गडद, तितकं जास्त.

रंग जुळवायचा म्हटल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तरतरी आली होती. कापडगिरणीच्या रंगखात्यात त्यांनी अडतीस वर्षं डाईंग मास्तर म्हणून काढली होती. त्यांचं खरं नाव तिथे कुणाला आठवत नसे. बॉयलरवाल्यापासून मालकापर्यंत सगळे 'मास्तर'च म्हणत. मास्तरांनी कापडाचा ताका उजेडात धरून "चालेल" म्हटलं की चाललं, "परत" म्हटलं की अख्खा लॉट परत हौदात. पुढे रंग मोजायचं यंत्र आलं, तर पहिले सहा महिने त्या यंत्राचीच मास्तरांच्या डोळ्याशी पडताळणी चालली होती. ही गोष्ट घरी इतक्या वेळा सांगून झाली होती, की आई शेवटचं वाक्य त्यांच्या आधी म्हणून मोकळी व्हायची.

"नव्या माणसाचा डोळा आम्ही कसा तपासायचो, सांगितलंय का तुला?" बाबा म्हणाले. न बोलण्याचा नियम अर्थातच इतरांसाठी होता.

"शंभरदा."

"मग एकशे एकाव्यांदा ऐक. त्याच्यापुढे ओळखीचा नमुना ठेवायचा. मला पक्का ठाऊक असलेला. आणि आपण मुद्दाम उलटं बोलायचं, 'हा जरा तांबूस वाटतो, नाही?' जो म्हणेल 'हो मास्तर', तो बाहेर. डोळा अधू असला तर चालतं, त्याला दुसरं काम देता येतं. पण मन राखायला रंग सांगणारा माणूस खात्यात नको. तो गिरणी बुडवतो."

पाच मिनिटं झाली. बाबांनी नळी तक्त्याच्या पांढऱ्या भागावर धरली, मान जरा तिरपी केली, आणि गिरणीत म्हणत असतील तशाच आवाजात म्हणाले,

"पिवळा. शून्य."

तिनं त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. नळीतलं पाणी हिरवं होतं. हिरवट नाही, पिवळ्याकडे झुकणारं नाही, चांगलं हिरवं. तक्त्यावरचा चौथा चौकोन.

"बाबा, हिरवं नाही वाटत?"

"कुठाय हिरवं?" त्यांनी नळी पुन्हा वर धरली, आणि हसले. "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं ऐकलं होतं. तुला हिरवं दिसायला लागलं? अगं छकू, पाणी उत्तम आहे. त्या मासेवाल्यानं रोगी मासे आपल्या गळ्यात मारलेत. आणि उद्या विचारायला जा, म्हणेल तुमचंच पाणी वाईट. नाचता येईना, अंगण वाकडं."

चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई असलेली छकू माशाची बशी उचलायला वळली. या घरात रंगावरून बाबांशी वाद घालायची पद्धतच नव्हती. बाबा हात धुवायला गेले तेव्हा तिनं टाकीतलं थोडं पाणी लहान बाटलीत भरून घेतलं. औषधं खराब झाली असणार, दुसरं काय? तिनं तक्ता आणि दोन्ही बाटल्याही पिशवीत टाकल्या आणि "आलेच" म्हणून ती बाहेर पडली.

मासेवाल्याच्या सदऱ्याची एक बाही कायम खांद्यापर्यंत ओली असायची. त्यानं आधी स्वतःच्या औषधांनी पाणी तपासलं, मग तिच्या बाटल्यांनी. दोन नळ्या शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्याच हिरव्या.

"यात मासा जिवंत आहे?" त्यानं विचारलं.

"एक आहे."

"मग तो मासा नाही ताई, संत आहे."

"आमची औषधं खराब आहेत का?"

"ठणठणीत आहेत. तारीखही पुढची आहे." त्यानं ओली बाही पिळली. "चाचणी चुकली की मी तीनच गोष्टी बघतो. पाणी, औषध आणि डोळा. पाणी काही खोटं बोलत नाही. औषध चांगलं आहे." तिसऱ्या गोष्टीपाशी तो थांबला आणि उगाच जाळी झटकत बसला. "काकांनी दोन आठवड्यांतच शून्य आलं म्हणून सांगितलं, तेव्हाच मला वाटलं होतं, इतक्या लवकर कसं? पण ते एवढ्या खात्रीनं बोलतात, की माणसाला वाटतं आपलंच चुकत असेल."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," ती म्हणाली.

तिनं औषधाचा नवा संच घेतला आणि दुकानाची पायरी उतरता उतरता थबकली. पिवळा म्हणजे ठीक. हिरवा म्हणजे विष. हे तिनं आधीही ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि तेव्हा माशांचा काही संबंध नव्हता.

आईच्या मूत्रपिंडातून प्रथिनं गळायची. औषधांनी ते थांबलं होतं, पण कधीही उलटेल असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक. सलग तीन दिवस हिरवी झाली, तर चौथ्या दिवशी पेशंट माझ्यासमोर हवा. हे सांगताना त्या लेकीकडे बघत होत्या, पण बाबाच पुढे सरकून म्हणाले होते, "ते माझ्याकडे. रंगाचं काम आहे." आणि दीड वर्ष, एकही सकाळ न चुकवता, डोळ्यांत तेल घालून त्यांनी ते काम केलं होतं.

शेवटच्या महिन्यात आईच्या पापण्या सुजल्या होत्या. पावलांवर बोट दाबलं की खळगा राहायचा. तेव्हा लेकीनं विचारलं होतं, "बाबा, डॉक्टरकडे नेऊया का?" बाबांनी पट्ट्यांच्या नोंदींची वही वर धरून दाखवली होती. "पट्टी पिवळी आहे. गोळ्यांनी अंग भरतं, सांगितलंय त्यांनी." वही त्यांनी उघडली नव्हती, आणि तिनंही मागितली नव्हती. आईच मध्ये पडून म्हणाली होती, "अगं, मास्तर बघतायत ना रोज." पुढच्या शनिवारी पायातली रक्ताची गुठळी छातीत गेली. दवाखान्यात विचारलं तेव्हा बाबांनी तोंडीच सांगितलं, रोज पिवळी. कुणी त्यावर शंका घेतली नाही.

ती परत आली तेव्हा बाबा आरामखुर्चीत डोळा लागून पडले होते. तिनं चप्पल काढली आणि कपाटाचा मधला खण उघडला. तिला आशा होती की वहीत नुसते शब्द असतील. पण गिरणीत प्रत्येक लॉटचा तुकडा वहीत डकवून त्याखाली शेरा लिहायची सवय असलेला माणूस पट्ट्या फेकून थोडाच देणार? एका पानावर दहा पट्ट्या, पारदर्शक चिकटपट्टीखाली, एकीखाली एक, काटकोनात. प्रत्येकीसमोर तारीख आणि त्या सुंदर, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एकच शब्द. पिवळी. पिवळी. पिवळी.

पहिली पानं खरोखरच पिवळी होती. जुन्या कागदासारखी झाली होती, पण पिवळी. शेवटून तिसऱ्या पानावर मधोमध एक पट्टी जरा वेगळी दिसली. तिच्याखालची आणखी वेगळी. तिनं बोट ठेवून मोजल्या. शेवटच्या बावीस पट्ट्या हिरव्या होत्या, आणि सगळ्यांत खालची तर शेवाळासारखी. तिच्यासमोरही तेच अक्षर होतं, तितकंच सुंदर.

पट्ट्यांच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, पट्टी वाळल्यावर रंग ग्राह्य धरू नये. तिनं ते तीनदा वाचलं. बुडत्याला काडीचा आधार. मग पहिल्या पानांकडे पुन्हा पाहिलं. त्याही वाळलेल्याच होत्या. तिला बाबांचा इतका राग आला, की त्यांना गदगदा हलवून उठवावं आणि वही त्यांच्या मांडीवर टाकावी असं वाटलं. ती खुर्चीपर्यंत गेलीही. ते तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते, आणि चष्मा छातीवर घसरला होता. दोन्ही बाहुल्यांत कधीपासून धुरकटपणा होता, तो आता पापण्यांआड होता. तिनं वही आपल्या पिशवीत तळाशी घातली.

ते जागे झाल्यावर ती म्हणाली, "तुमचं औषध नासलं होतं म्हणे. मासेवाल्यानं नवं दिलंय. सध्या पाणी बदलत राहायला सांगितलंय."

"नासलं? मला कसं कळलं नाही?"

"वासावरून कळत नाही म्हणाला."

बाबांनी मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाशी म्हणाली, आणि बादली आणायला गेली.

त्यानंतर ती आठवडाभर कामावरून परस्पर इकडे येत राहिली. चौथा हिस्सा पाणी काढायचं, आदल्या दिवशी मीठ घालून ठेवलेलं नवं पाणी ओतायचं. मासा वरच्या थरातून हळूहळू खाली उतरला. बाबा टॉवेल घेऊन शेजारी उभे राहायचे. एकदा तिनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं,

"तुमचे डोळे एकदा तपासून घेऊया का? बरीच वर्षं झाली."

"डोळ्यांना काय झालंय माझ्या?"

"काही नाही. वयानुसार."

पुढे तिनं रेटलं नाही. तपासलं तर डॉक्टर म्हणणार मोतीबिंदू, आणि बाबा विचारणार, कधीपासून? तो हिशेब त्यांना करू द्यायचा नव्हता. मोतीबिंदू काय, दोन महिन्यांनी काढला तरी चालतो. एकदा ती गेल्यावर त्यांनी कपाटाचा खण उघडला असेल का, हा विचार तिच्या मनात आला, आणि तिनं तो जिन्यातच सोडून दिला.

रविवारी ती पोचली तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर नळी तयार होती. बाबा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून, तक्ता हातात घेऊन बसले होते.

"आत्ताच पाच मिनिटं झाली," ते म्हणाले. "ये. बघ बरं."

"तुम्ही बघा ना."

"मी बघितलं. मला पिवळा वाटतोय. तू सांग."

तिनं पाहिलं. नळी हिरवीगार होती, गेल्या रविवारपेक्षाही गडद. इतकं पाणी बदलूनही? आजच अर्धी टाकी रिकामी करायला हवी, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिनं बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. टाकीकडे बघत होते आणि तक्त्याची कड अंगठ्यानं पुसत होते.

"पिवळाच आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो बाबा. पिवळा."

बाबांनी तक्ता कट्ट्यावर ठेवला. पंपाचा आवाज तेवढा चालू होता.

"टाकीतलं नाही ते पाणी," ते म्हणाले. "मिठाचं ताजं पाणी घेतलं, आणि त्यात त्या मासेवाल्याच्या अमोनियाचे दोन थेंब टाकले. सुरुवातीला जिवाणूंना घालायला दिला होता ना, तो. त्याचा रंग हिरवाच यायला पाहिजे. मला पिवळा दिसला तरी."

तिनं नळीकडे पुन्हा पाहिलं.

"जुन्या बाटल्या तू फेकल्या नव्हत्यास. एकच पाणी दोन्ही औषधांनी करून बघितलं. मला सारखंच दिसलं. म्हणजे औषध नासलेलं नव्हतं." ते अगदी सावकाश बोलत होते, लॉट का बिघडला हे मालकाला समजावून सांगावं तसे. "मग म्हटलं, डोळा कुणाचा गेलाय ते तरी कळू दे. तू हिरवा म्हणाली असतीस, तर मी समजलो असतो, म्हातारा झालो, मोतीबिंदू आला, संपलं. एवढंच असतं तर तू लपवलं नसतंस."

"बाबा..."

"वही तुझ्याकडे आहे ना?"

पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. वही आठवडाभर तिच्यातच होती; घरी कुठे ठेवावी हे तिला सुचलं नव्हतं. तिनं ती काढून दिली. बाबांनी कट्ट्यावर पहिलं पान उघडलं, खिशातून पेन्सिल काढली.

"वाच. मी लिहून घेतो."

"वाळलेल्या पट्टीवर भरवसा ठेवायचा नसतो. डब्यावर लिहिलंय."

"ठाऊक आहे मला. वाच."

तिनं डोळे पुसले आणि बोट पहिल्या पट्टीवर ठेवलं.

"पिवळी."

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"खरंच पिवळी आहे बाबा. शपथ. ही पिवळीच आहे. दुसरी पण पिवळी. सुरुवातीच्या सगळ्या..." तिचा आवाज चढला, कारण ते ऐकत होते आणि तिला दिसत होतं की त्याचा काही उपयोग नाही. "शेवटच्या हिरव्या आहेत. बावीस. मी मोजल्यात. बघा, आता खरं सांगतेय ना?"

"बावीस," ते म्हणाले. "का बेचाळीस? का अगदी पहिल्यापासून?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि वही मिटली. रागावलेले नव्हते. तिच्या डोक्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला, आणि मग चष्मा सारखा करून ते उठले. दाराशी जाऊन चपला घालू लागले.

"कुठे निघालात?"

"मासेवाल्याकडे. त्याला दाखवतो. त्याला माझं काही वाटायचं कारण नाही."

वही काखेत धरून, कठड्याला हात लावत ते जिना उतरले. ती मागून गेली नाही. टाकीतला मासा काचेपाशी आला होता. ही त्याची खाण्याची वेळ होती. तिनं डबी उघडली, चिमूटभर टाकलं, आणि कट्ट्यावरची नळी मोरीत ओतून स्वच्छ धुऊन ठेवली.